मागे राहिलेली धावपट्टी

२५ डिसेंबर २०२५ ला उलव्याच्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आणि नवी मुंबईतल्या गच्च्यांवरच्या गप्पांना एक नवा विषय मिळाला. या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो. खारघरच्या एखाद्या सोसायटीत तो विचारला जातो धुळ्याहून किंवा गोंदियाहून सुट्टीला आलेल्या मुलीला, कारण ती 'पायलटचं शिकतेय' हे साऱ्या विंगला माहीत असतं. "अगं, वर गेल्यावर इंजिनच बंद पडलं तर? धाडकन खाली ना?" ती हसून सांगते, "नाही काकू. खाली येतं, पण पडत नाही."

उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच आहे. पाच हजार फुटांवर, खाली मोकळं माळरान असताना एका इंजिनाच्या छोट्या विमानाचं इंजिन बंद पडलं, तर हातात सहा-सात मिनिटं असतात. शेत निवडायला वेळ असतो, इंजिन पुन्हा चालू करून बघायला वेळ असतो, रेडिओवर बोलायलाही असतो. माणसं जास्त करून अडकतात ती विमानतळाच्या अगदी जवळ, उड्डाण केल्याबरोबर, तीनशे-चारशे फुटांवर. कारण तिथे उंची नसते, वेग नसतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे छान, लांब, डांबरी धावपट्टी अगदी पाठीशी असते. ती नसती तर वैमानिकाने मुकाट्याने समोर उतरायची तयारी केली असती. ती आहे म्हणून तो वळतो.

इथे मोठ्या जेट विमानांचा विचार नाही. त्यांना दोन इंजिनं असतात आणि एक गेलं तरी दुसऱ्यावर चढत राहता येईल असाच त्यांचा हिशेब असतो. आपण बोलतोय ते सेसना १५२, सेसना १७२ अशा विमानांबद्दल. शिकणारी मुलं पहिले शेकडो तास काढतात ती यांच्यातच.

इंजिन बंद झालं म्हणून पंख काम करायचं थांबवत नाहीत. येऊरच्या उतारावर इंजिन बंद करून सोडलेली स्कूटर जशी उताराच्या जोरावर चालत राहते, तसंच विमान आपली उंची खर्चून पुढे जात राहतं. सेसना १७२ चा हा व्यवहार ढोबळमानाने एकास नऊ असतो, म्हणजे एक फूट उंची दिली की नऊ फूट अंतर मिळतं. १००० फुटांवरून वारा नसताना साधारण २.७ किलोमीटर. वाशीचा खाडीपूल १.८ किलोमीटरचा आहे, म्हणजे दीड पूल. पण हे फक्त ठरलेल्या वेगाला. सेसना १७२ एसला ६८ नॉट, १५२ ला ६० नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किलोमीटर). वेग याहून कमी केला की अंतर वाढत नाही, घटतं. जास्त केला तरी घटतं. नाक वर धरून 'ताणत नेणं' हा प्रकार विमानात चालत नाही, हे डोक्याला पटतं पण हाताला पटायला फार वेळ लागतो.

आता इंजिन गेल्यानंतरचे पहिले चार सेकंद बघू. चार हा आकडा प्रशिक्षणात सर्रास धरला जातो, कारण इंजिन बंद पडलंय यावर मन विश्वास ठेवायला तेवढा वेळ घेतं. विमान ७४ नॉटने चढतंय, नाक क्षितिजाच्या वर आहे. इंजिनाचा जोर गेला, की मागे खेचणारं बरंच काही असतं आणि पुढे ओढणारं काहीच नसतं. हवेचा विरोध साधारण वजनाच्या नवव्या हिश्शाएवढा, त्यात चढाची भर. दोन्ही मिळून वेग सेकंदाला जवळजवळ ४ नॉटने उतरतो. चार सेकंद नाक तसंच धरून बसलं, तर ७४ चे ५८ नॉट होतात. फ्लॅप (कमी वेगात उतरता यावं म्हणून पंखांच्या मागच्या कडेला खाली काढायच्या झडपा) बंद असताना, पूर्ण वजनाला हे विमान ४८ नॉटला स्टॉल होतं, म्हणजे पंखांवरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि विमान खरोखरच पडायला लागतं. आणखी तीन सेकंद गप्प बसायला जागा नाही.

म्हणून पहिलं काम म्हणजे नाक खाली. मेडे, म्हणजे रेडिओवरची संकटाची हाक, नंतर, इंजिन चालू करायची खटपट नंतर, मागे वळून बघणं तर नकोच. योक, म्हणजे विमानाचं हातातलं सुकाणू, पुढे ढकलायचा, आणि तोही भीत भीत नव्हे. अंग सीटवरून किंचित उचलल्यासारखं वाटेल इतपत. विंडशील्डमध्ये आकाशाऐवजी जमीन दिसायला लागते आणि ती जवळही असते. अशा वेळी जमिनीकडे नाक करणं माणसाच्या सगळ्या उपजत बुद्धीच्या विरुद्ध आहे. चांगले प्रशिक्षक म्हणूनच सरावात थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा नॉब) मागे ओढताना दुसरं काही बोलत नाहीत, फक्त "नाक, नाक" म्हणतात.

त्यानंतर सेसना १७२ एसच्या पुस्तकातली यादी अगदी छोटी आहे. वेग ७० नॉट, फ्लॅप बाहेर काढल्यावर ६५. मिक्श्चर (हवेत इंधन किती मिसळायचं तो नॉब) पूर्ण मागे, फ्युएल शटऑफ व्हॉल्व्ह बाहेर ओढलेला, इग्निशन बंद. फ्लॅप गरजेप्रमाणे, शक्यतो पूर्ण. मग मास्टर स्विच (विजेचा मुख्य खटका) बंद, दाराची कडी उघडी, आणि सरळ समोर उतरणं. यातला क्रम नीट बघण्यासारखा आहे. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून मास्टर त्यांच्यानंतर. आधी मास्टर बंद करून मग फ्लॅपचा दांडा खाली केला तर फ्लॅप हलतच नाहीत. इंधन तोडायचं ते आगीसाठी. जमिनीवर आदळल्यानंतर गरम इंजिनावर पेट्रोल सांडू नये, म्हणून ते आधीच अडवायचं. दार उघडं ठेवायचं कारण चौकट वाकली की दार अडकतं. आणि एक गोष्ट यादीच्याही वर आहे: ३०० फुटांवर ही यादी पुरी करता आली नाही तरी चालेल, वेग मात्र सोडायचा नाही. विमान ताब्यात ठेवून, पंख समतल ठेवून, इग्निशन चालूच राहिलं असताना उतरलेले लोक जिवंत आहेत. सगळे स्विच नीट बंद करून स्टॉल झालेल्यांबद्दल तसं म्हणता येत नाही.

सरळ समोर म्हणजे नाकासमोरच्या रेषेवरच असं नाही. डावी-उजवीकडे तीसेक अंशांत जे बरं दिसेल ते. हलकं वळण परवडतं.

आता परतीचं वळण. याचा हिशेब एकदा कागदावर केला की मोह आपोआप कमी होतो, म्हणून तो इथे सविस्तर करतो.

पहिली चूक समजुतीतच असते. मागे फिरायचं म्हणजे १८० अंश, असं वाटतं. पण १८० अंश वळल्यावर विमान धावपट्टीला समांतर असतं, धावपट्टीवर नसतं. ७० नॉट वेगाला ४५ अंश बँकमध्ये, म्हणजे पंख तेवढे एका बाजूला कलवून, वळणाची त्रिज्या सुमारे १३० मीटर येते. म्हणजे वळण संपल्यावर धावपट्टी बाजूला २६० मीटरवर राहते. तिच्याकडे यायला आणखी वळायचं आणि मग तिच्या रेषेत यायला उलटं वळायचं. एकूण २५० ते २७० अंश. ४५ अंश बँकमध्ये सेकंदाला साधारण १५ अंश वळता येतं, म्हणजे १७ सेकंद. तीस अंश बँक ठेवली तर सेकंदाला ९ अंश, म्हणजे जवळजवळ अर्धा मिनिट, आणि बाजूचं अंतर साडेचारशे मीटरच्या पुढे.

ग्लाइडमध्ये, म्हणजे इंजिनाविना तरंगत येताना, हे विमान मिनिटाला ८०० फुटांच्या आसपास खाली येतं. वळणात पंखांना जास्त भार उचलावा लागतो, त्यामुळे उतरण्याचा दर वाढतो. ४५ अंशांना तो दीडपटीच्या घरात जातो. सगळं नीट, सफाईने केलं तर ४५ अंशांच्या वळणात सुमारे ३५० फूट जातात, ३० अंशांच्या वळणात ४५०. म्हणजे तीव्र वळण स्वस्त पडतं. मग ६० अंश का नको? कारण बँक वाढली की स्टॉलचा वेगही वाढतो. ३० अंशांना ७ टक्क्यांनी, ४५ ला १९, ६० ला ४१ टक्क्यांनी. ४८ नॉटवाल्या विमानाचा स्टॉल ४५ अंशांना ५७ नॉटवर येतो आणि ६० अंशांना ६८ वर. तुम्ही ७० ने उडताय. एक झुळूक, योकवर एक धसमुसळा हात, आणि संपलं. शिवाय ६० अंशांनी वाचणारी उंचीही किरकोळ आहे. ४५ चा आकडा इथून येतो.

या ३५० मध्ये सुरुवातीच्या चार सेकंदांत गमावलेला वेग परत मिळवण्याचे साठेक फूट मिळवा. म्हणजे ४०० च्या वर नुसतं वळण. यावर बरेच जण म्हणतात, ठीक आहे, मग ७०० फुटांवर इंजिन गेलं तर वळायला हरकत नाही. इथेच हिशेबाची दुसरी आणि जास्त खोल गल्ली आहे.

उन्हाळी दुपार धरा. समुद्रसपाटीला ३५ अंश तापमान म्हणजे विमानाच्या दृष्टीने ते २४०० फूट उंचीवरच्या हवेत उडतंय. भरलेली सेसना मिनिटाला ६०० फूट चढतेय. ७४ नॉटला ६०० फूट म्हणजे एकास साडेबारा असा चढ. आणि ग्लाइड? एकास नऊ. म्हणजे जाताना जो चढ आहे, त्याहून येतानाचा उतार तीव्र आहे. सरळ रेषेत चढत राहिलेलं विमान दर सेकंदाला आपल्या परतीच्या टप्प्यापासून लांब जात असतं. १००० मीटरच्या धावपट्टीवर ४०० मीटर धावून उचललं, ७०० फुटांवर इंजिन गेलं, की मागे धावपट्टीचं जवळचं टोक २.२ किलोमीटरवर असतं. वळणानंतर शिल्लक राहिलेल्या २८० फुटांत मिळतात जेमतेम ८०० मीटर. बरं, १००० फुटांवर गेलं असतं तर? टोक ३.३ किलोमीटरवर आणि हातात १६०० मीटर. तूट १४०० मीटरची १७०० झाली. उंच गेल्याने परिस्थिती सुधारली नाही, बिघडली.

मला वाटतं, उड्डाण शिकवताना हा एक मुद्दा जितका ठासून सांगायला हवा तितका सांगितला जात नाही. 'अमुक फुटांवर वळणं सुरक्षित' अशी एकच संख्या विचारली जाते आणि तशी संख्या दिलीही जाते. उंची हा हिशेबाचा एक आकडा झाला. धावपट्टीची लांबी, त्या दिवशीचा चढण्याचा दर आणि समोरचा वारा हे बाकीचे तीन. समोरून जोरदार वारा असेल तर जाताना विमान जमिनीवरचं अंतर कमी तोडतं आणि येताना वारा पाठीवर घेतं, त्यामुळे गणित सुधारतं. पण मग तोच वारा पाठीवर घेऊन उतरायचं असतं. १५ नॉटचा वारा असेल तर जमिनीवरचा वेग १५ नॉटने जास्त, आणि अपेक्षेहून उंच आलात तर अख्खी धावपट्टी खालून सरकून जाते. या गणितावर खरा उतारा म्हणजे सरळ लांब न जाता ५०० फुटांवर क्रॉसविंडला, म्हणजे धावपट्टीला काटकोनात, वळणं. निम्मं वळण इंजिन चालू असतानाच पुरं झालेलं असतं आणि विमान धावपट्टीच्या आसपास राहतं.

वळणात मरणारी माणसं बहुतेक वेळा धावपट्टीपर्यंत न पोचल्याने मरत नाहीत. ती वळणातच मरतात. जमिनीजवळ, वारा पाठीवर घेत वळताना खालची घरं-झाडं झपाट्याने पळताना दिसतात. वेग भरपूर आहे असा भास होतो आणि हात नकळत योक मागे घेतो. धावपट्टी अजून बाजूला दिसतेय म्हणून पाय रडर (नाक डावी-उजवीकडे फिरवणारं शेपटीवरचं पातं) जास्त दाबतो, बँक वाढायला लागते म्हणून हात उलटं एलरॉन (पंख कलवणारं पंखाच्या टोकाकडचं पातं) देतो. वेग कमी, नाक वर, रडर आतल्या बाजूला, एलरॉन उलटं. स्पिन, म्हणजे स्टॉल होऊन गरगरत खाली पडणं, मुद्दाम घालायचा असेल तर याहून चांगली कृती नाही. सेसना १५२ ला एका फेऱ्याच्या स्पिनमधून बाहेर यायला सगळं मिळून १००० फूट लागतात. तिथे ३०० असतात.

म्हणून निर्णय वर घ्यायचाच नसतो. तो खाली, धावपट्टीच्या तोंडाशी, ब्रेक दाबून उभं असताना घ्यायचा आणि मोठ्याने बोलायचा. शेजारी प्रशिक्षक असो की नसो. साधारण असा: "धावताना बिघाड झाला तर थ्रॉटल बंद, ब्रेक. उचलल्यावर धावपट्टी शिल्लक असेल तर तिच्यावरच. ७०० फुटांच्या खाली समोर, डावीकडचं मोकळं शेत. ७०० च्या वर आणि क्रॉसविंडला वळलेलो असलो, तरच परत, वाऱ्याकडे वळून." वाऱ्याकडे का? कारण बाजूचा वारा मग विमानाला धावपट्टीकडे ढकलत आणतो, दूर नेत नाही. आणि ७०० हा आकडा उदाहरणादाखल आहे. तो कसा काढायचा ते शेवटी सांगतो.

थ्रॉटल पूर्ण दिल्यावरही एक नजर टाकायची असते आणि ती फार जण टाकत नाहीत. १७२ एसमध्ये जागेवर उभं राहून पूर्ण थ्रॉटलला २३०० ते २४०० आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळाले पाहिजेत. २२०० वर काटा अडला तर विमान उडेलही, पण त्याने तुम्हाला एक निरोप दिलेला असतो. तो धावपट्टीवर असताना ऐकायला काहीच खर्च नाही. तसंच लांब धावपट्टीच्या मध्यावरून उड्डाण करायची परवानगी मिळाली तर टॅक्सीची, म्हणजे विमान जमिनीवरून टोकापर्यंत चालवत नेण्याची, पाच मिनिटं वाचतात खरी, पण सोडून दिलेली धावपट्टी नंतर परत मिळत नाही. उलव्याची धावपट्टी ३७०० मीटरची आहे. कल्पनेत तिच्यावर एक सेसना ठेवा. अगदी टोकापासून निघाली तर ४०० फुटांवर इंजिन जाऊनही ती समोर उरलेल्या त्याच धावपट्टीवर उतरू शकते. मधूनच निघाली तर नाही.

सर्किटच्या, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीच्या, बाकीच्या टप्प्यांत प्रश्न सोपा असतो. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेने जाताना) १००० फुटांवर, धावपट्टीच्या टोकासमोर इंजिन गेलं तर लगेच धावपट्टीकडे वळायचं आणि पोचणार याची खात्री पटेपर्यंत फ्लॅप काढायचे नाहीत. पण डाउनविंड दीड-दोन किलोमीटर बाहेरून आणि लांबवत नेण्याची सवय असेल, तर हेही जमत नाही. बेस लेगवर (उतरण्याआधी धावपट्टीला काटकोनात येताना) गेलं तर तिरकं, सरळ धावपट्टीच्या मध्याकडे. फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, इंजिनाच्या जोरावर खालून रांगत येणाऱ्यांना मात्र कोणीच वाचवू शकत नाही.

'समोर उतरा' म्हणणं सोपं आहे. समोर काय आहे? शिकाऊ विमानांना ठाणे-नवी मुंबईच्या आकाशात काम नाही, पण सुट्टीत घरी आलेल्या विद्यार्थ्यासाठी हा टापू म्हणजे उत्तम अभ्यास आहे. पारसिकच्या डोंगरावरून किंवा ठाण्यातल्या उंच इमारतीच्या गच्चीवरून खाली बघायचं आणि प्रत्येक मोकळ्या तुकड्याला विचारायचं: इथे उतरता येईल का?

पाम बीच रोड बघा. वरून सुंदर, रुंद, सरळ. पण मध्ये दुभाजक, दुतर्फा दिव्यांचे खांब, दिशाफलकांच्या आडव्या कमानी, आणि गाड्या. सेसना १७२ चा पंखविस्तार ११ मीटर आहे. रस्ता हा रिकामा असेल तरच विचारात घ्यायचा, आणि आपल्याकडचा रस्ता कधी रिकामा असतो ते ठरवा. क्रिकेटचं मैदान वरून फार मोठं वाटतं, पण त्याचा व्यास १४०-१५० मीटर. या विमानाला पक्क्या धावपट्टीवर नुसतं धावून थांबायला १७५ मीटर लागतात, आणि ५० फुटी अडथळ्यावरून येऊन थांबायला ४०० हून जास्त. मैदानाभोवती झाडं आणि इमारती असतात, त्यामुळे धरायचा तो दुसरा आकडा. तरीही मैदानाच्या पलीकडच्या कुंपणावर ३० नॉटने आदळणं हे इमारतीवर ६० नॉटने आदळण्यापेक्षा कितीतरी बरं.

खाडी मोहात पाडते. भरतीला ठाण्याची खाडी सपाट, मोकळी, अडथळ्याविना दिसते. ओहोटीला तीच चिखलाचा पट्टा असते. विमानाची चाकं खाली कायमची बसवलेली आहेत. ती पाण्यात असो की चिखलात, रुतली की शेपूट वर येते आणि विमान उलटं होतं. उलट्या विमानात, पट्ट्याला लटकलेल्या अवस्थेत, पाण्याखाली दार शोधायचं असतं. म्हणून पाण्यावर उतरायचंच झालं तर दार आधी उघडं, लाइफ जॅकेट अंगात पण फुगवलेलं नाही, आणि एक हात दाराच्या चौकटीवर पक्का. फुगलेलं जॅकेट आतल्या माणसाला केबिनच्या वरच्या बाजूला चिकटवून ठेवतं. खाडीकाठच्या तिवरांचं मात्र वेगळं. दाट, मऊ, सारख्या उंचीची झाडी विमान फाडते, पण वेग हळूहळू खाते. पर्याय उघडा चिखल असेल तर मी तिवरांच्या बाजूने आहे, मात्र स्टॉलच्या किंचित वर, पूर्ण फ्लॅपने, जणू झाडांचे शेंडे हीच जमीन आहे असं समजून. बाहेर पडून खाली चिखलात उतरायचं कसं, हा पुढचा प्रश्न.

कल्याण-शीळच्या पलीकडे किंवा पनवेलच्या मागे गेलं की भातखाचरं लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये पाण्याने भरलेली, त्यांच्यात पुढचं चाक खचणार. डिसेंबरनंतर सुकी आणि कडक, पण बांध तसेच. बांधाला समांतर उतरायचं, आडवं नाही, वारा थोडा बाजूने आला तरी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तारा. उच्चदाबाच्या तारा वरून दिसत नाहीत, मनोरे दिसतात. दोन मनोरे दिसले की मधे तारा आहेतच असं धरायचं, आणि शंका असेल तर तारांच्या मधून न जाता मनोऱ्याच्या डोक्यावरून जायचं.

कुठे आदळतो याहून किती वेगाने आदळतो याला जास्त महत्त्व आहे, आणि यालाही साधं गणित आहे. ४५ नॉटच्या वेगाने आदळलेलं विमान ९ जी (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) इतक्या झटक्यात थांबवायला फक्त ३ मीटर अंतर लागतं. नीट बांधलेला पट्टा, खांद्याचा पट्टा धरून, इतका झटका माणूस सोसू शकतो. वेग दुप्पट झाला की हेच अंतर १२ मीटर होतं. म्हणून पंख समतल, पूर्ण फ्लॅप, कमीत कमी वेग, आणि वाटेतल्या झुडपांना, कुंपणांना, अगदी आपल्या पंखांनाही तो वेग खाऊ द्यायचा. विमानाचा जीव वाचवायला गेलं की माणसाचा जातो. विम्याचे कागद वेगळ्या खोलीत असतात.

इंजिनं बंद का पडतात, तेही बघायला हवं. कारण धातू तुटून बंद पडलेल्या इंजिनांपेक्षा इंधन न पोचल्याने बंद पडलेलीच जास्त असतात. फ्युएल सिलेक्टर (टाकीतून इंजिनाकडे जाणाऱ्या इंधनाची चावी) बंद राहिला असेल, तरी नळीत आणि कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेलं पेट्रोल इंजिन सुरू करायला, टॅक्सी करायला आणि कधीकधी जमीन सोडायलाही पुरतं. मग ते संपतं. नेमकं वाईट उंचीवर. म्हणून जमिनीवर तपासणी करताना सिलेक्टर नुसता बघायचा नाही, हाताने हलवून खटका लागलाय का ते जाणवून घ्यायचं.

पाणी हा दुसरा शत्रू, आणि कोकणच्या पावसात तो घरचाच. टाकीच्या झाकणाचं रबर जुनं झालं की पंखावर साचलेलं पाणी आत झिरपतं. अर्धी रिकामी टाकी रात्रभर दमट हवेत उभी राहिली तरी आतल्या भिंतींवर ओल धरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसतं. सकाळी पारदर्शक कपात थोडं इंधन काढून उजेडासमोर धरायचं. एव्हगॅस १०० एलएल निळसर असतं. पाणी असेल तर तळाशी स्वच्छ, रंगहीन थेंब किंवा थर दिसतो आणि दोघांमधली रेषा स्पष्ट कळते. फसवणूक होते ती अख्खा कप पाण्याने भरला असेल तेव्हा. तेव्हा रेषाच नसते. म्हणून रंग बघायचा आणि वासही घ्यायचा. जुन्या १७२ ला असं इंधन काढून बघायची तीनच ठिकाणं असतात, नव्या १७२ एसला १३. तेरा वेळा वाकावं लागतं, आणि तेराव्या वेळी कंटाळा येतो. तरी काढायचं, आणि पाणी सापडलं तर ते यायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा काढायचं.

तिसरी गोष्ट ऐकून ठाण्यातली माणसं हसतात: बर्फ. आपल्या उकाड्यात? कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते. दोन्हींमुळे तिथलं तापमान २० अंशांहून जास्त उतरू शकतं. बाहेर २६ अंश आणि पावसाळी दमट हवा, म्हणजे ऑगस्टमधली कुठलीही सकाळ, आणि थ्रॉटल अर्धवट बंद. गळ्यात बर्फ धरायला एवढं पुरे. लक्षण म्हणजे काही न करता आरपीएम हळूहळू उतरतात, मग इंजिन खडखडतं. कार्ब हीट, म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा नॉब, पूर्ण ओढायचा. आधी आरपीएम आणखी पडतात आणि इंजिन जास्तच कण्हतं, कारण वितळलेलं पाणी सिलिंडरमधून जात असतं. नवखा घाबरून इथेच नॉब परत आत ढकलतो. तसं करायचं नाही. थोड्या वेळाने आरपीएम आधीपेक्षा वर येतात. फायनलसाठी थ्रॉटल कमी करण्याआधी कार्ब हीट ओढायचा तो याचसाठी. फ्युएल इंजेक्शन असलेल्या १७२ एसला कार्ब्युरेटरच नाही, त्यामुळे हा त्रासही नाही. १५२ ला आहे.

पूर्ण बंद पडलेलं इंजिन निदान प्रामाणिक असतं. खरा फसवा प्रकार म्हणजे अर्धवट जोर. एक सिलिंडर गेला, व्हॉल्व्ह अडकला, इंजिन थरथरतंय पण चालतंय. विमान चढत नाही, पण पडतही नाही. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्यूरोने या प्रकाराचा अभ्यास केला, तेव्हा एकाच इंजिनाच्या विमानांत उड्डाणानंतरच्या पूर्ण बिघाडापेक्षा असे अर्धवट बिघाड कितीतरी जास्त आढळले. माणूस मग उरलेल्या जोराच्या भरवशावर वळतो, उंची टिकवायला नाक वर धरतो, वेग उतरतो, आणि मधल्या वळणात उरलेला जोरही जातो. यावर माझं मत कडक आहे. समोर बरी जागा असेल तर अर्ध्या जोराला पूर्ण बिघाडच समजावं. जागा नसेल तर त्या जोराचा उपयोग सपाट, रुंद वळणासाठी करावा, उंची टिकवायच्या हट्टासाठी नाही. मिक्श्चर, पंप, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी पुरवणारं यंत्र), कार्ब हीट यांची चाचपणी वेग सांभाळून वेळ उरला तरच.

हे सगळं हातात बसतं ते सरावाने, आणि सरावाचा मोठा भाग घरी होतो. खुर्चीत बसून, डोळे मिटून, समोर काल्पनिक योक धरून. "इंजिन गेलं" असं स्वतःशीच म्हणायचं आणि हात पुढे. आई स्वयंपाकघरातून विचारते, "काय रे, कोणाशी बोलतोयस?" तेव्हा उत्तर न देता दाराच्या कडीपर्यंतची यादी पुरी करायची.

आणि तो ७०० चा आकडा. तो पुस्तकात मिळत नाही, काढावा लागतो. प्रशिक्षकाला सोबत घेऊन ३००० फुटांवर जायचं, खालचा एखादा सरळ रस्ता धावपट्टी समजायचा, ७४ नॉटने चढायला लागायचं आणि थ्रॉटल बंद करायचा. चार सेकंद मुद्दाम मोजायचे. मग नाक खाली, ४५ अंश, २७० अंश वळून रस्त्याच्या रेषेत, आणि उतरताना करतो तसं नाक सावरेपर्यंत. किती फूट गेले ते लिहायचं. तीन-चार वेळा करायचं, कारण पहिला प्रयत्न हमखास वाईट आणि तिसरा वाजवीपेक्षा चांगला येतो. वाईटातला आकडा धरून त्यावर निम्मा चढवायचा, कारण खऱ्या प्रसंगी चार सेकंद कोणी मोजून देत नाही. एवढं करून मिळते ती नुसत्या वळणाची उंची. धावपट्टीपर्यंत पोचायची उंची वेगळी, आणि तिचा हिशेब त्या त्या धावपट्टीच्या लांबीने आणि त्या दिवशीच्या वाऱ्याने करायचा. आकडा नीबोर्डवर (मांडीला बांधायच्या पाटीवर) पेन्सिलीने लिहावा, शाईने नको. जानेवारीच्या सकाळी काढलेला मे महिन्याच्या दुपारी चालत नाही, आणि दोघं बसलेले असताना काढलेला चौघांना लागू पडत नाही.